शेवटचा दगड दुसऱ्याच्या हाती

मिर्याम ओट हे नाव महाराष्ट्रातील वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानांवरून गेले असेल, आणि ज्या कर्लिंग नामक खेळात या स्विस स्त्रीने आपल्या उमेदीची वर्षे वेचली त्या खेळाला लागणारे बर्फाचे पटांगण आपल्या हवेत दृष्टीस पडणेच दुर्घट असल्यामुळे, त्याविषयी मतभेद होण्याइतकी माहितीही आपल्यात सहसा कोणाजवळ नसते; असे असता माझ्या निकट परिचयातील एका कुटुंबात या बाईंच्या कारकीर्दीवरून दीर-भावजयींत जो वाद जुंपला, तो मला इतका मननीय वाटला की त्यातील मुख्य भाग, दोघांच्याही संमतीने, येथे उतरवून ठेवीत आहे. दीर हे दिवाणी न्यायखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ असून, त्यांच्या हुद्द्याचे सरकारी नाव पुढे पालटले तरी सारा गाव त्यांना मुन्सफ म्हणूनच ओळखतो. भावजय या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापिका होत्या, आणि निवृत्तीनंतर बर्न येथे कन्येकडे काही हिवाळे काढल्यामुळे, त्याच शहरात १९७२ साली जन्मलेल्या या खेळाडूविषयी त्यांना आपलेपणा वाटू लागला असावा. मुन्सफांनी मात्र सर्व माहिती छापील कागदांवरून गोळा केली होती, आणि एखाद्या दाव्याची तयारी करावी तशी ती बारकाईने केली होती, हे त्यांच्या पहिल्याच वाक्यावरून दिसून आले.

मुन्सफ : वहिनी, तुमच्या ओटबाईंचे मोठेपण नाकारण्याचा माझा हेतू नाही, पण दप्तरात जे नमूद आहे ते तरी तुम्ही मान्य कराल की नाही? त्या चार ऑलिम्पिकमध्ये खेळल्या, आणि चारही वेळा त्यांचा शेवटचा सामना त्या हरल्या. २००२ साली अंतिम फेरीत ब्रिटनकडून ४-३. २००६ साली अंतिम फेरीतच स्वीडनकडून ७-६. २०१० साली कांस्यपदकाच्या लढतीत चीनकडून १२-६. आणि २०१४ साली सोची येथे पुन्हा कांस्यपदकासाठी, पुन्हा ब्रिटनकडून, ६-५. एकदा हरणे हा दैवाचा भाग मानता येईल, दोनदा हरले तरी संशयाचा फायदा द्यावा. पण चारही वेळा तोच निकाल लागतो, तेव्हा दोष परिस्थितीचा नसून पक्षकाराचाच आहे असे कोणतेही न्यायासन म्हणेल.

वहिनी : भावोजी, तुम्ही वाचलेत ते सारे खरे आहे, परंतु दप्तराची एकच बाजू वाचून तुम्ही निकालाकडे निघालात. चार ऑलिम्पिकमध्ये शेवटच्या दिवशी हरण्यासाठी चारही ऑलिम्पिकमध्ये शेवटच्या दिवसापर्यंत खेळत राहावे लागते, याचा हिशेब तुमच्या यादीत कुठे आहे? जगातले निवडक संघ त्या स्पर्धेला येतात, त्यांतले चारच उपांत्य फेरीत पोहोचतात, आणि या चारांत मिर्यामचा संघ २००२ पासून २०१४ पर्यंत एकदाही नव्हता असे झाले नाही. १९९६ साली ती युरोपची विजेती झाली, २००८ साली पुन्हा झाली, २०१२ साली कॅनडातल्या लेथब्रिजला जगज्जेती झाली. आणि ऑलिम्पिकमध्ये कर्लिंगची दोन पदके मिळविणारी ती पहिलीच स्त्री. पहिल्या युरोपीय विजेतेपदापासून सोचीपर्यंत अठरा वर्षे होतात. इतकी वर्षे जो वरच्या चारांत टिकतो, त्याच्या हरण्याची यादी लांबच होणार. जो पहिल्या फेरीतच घरी परततो त्याची यादी आखूड असते.

(या ठिकाणी मुन्सफांनी हातातली टिपणे बाजूला ठेवून, खेळ नेमका कसा चालतो हे वहिनींनी मुळापासून सांगावे अशी विनंती केली, आणि वहिनींनी ती आनंदाने मान्य केली; कारण माणसांच्या यशापयशापेक्षा दगडांच्या गतीविषयी बोलणे त्यांना अधिक प्रिय आहे.)

वहिनी : पंचेचाळीस मीटरांहून किंचित लांब अशी बर्फाची पट्टी असते, तिच्या दोन्ही टोकांना एकात एक वर्तुळे रंगविलेली असतात, त्यांना घर म्हणतात, आणि त्या घराचा व्यास साडेतीन मीटरांहून थोडा अधिक असतो. दगड ग्रॅनाइटचा, वजनाने सतरा ते वीस किलोंच्या दरम्यान, आणि त्यासाठी लागणारा उत्तम ग्रॅनाइट स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळील एल्सा क्रेग नावाच्या लहानशा बेटावरून आणतात. खेळ मुळात स्कॉटलंडचाच; एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेंट मॉरिट्झच्या हॉटेलांत हिवाळा घालविण्यास येणाऱ्या ब्रिटिश पाहुण्यांनी तो स्वित्झर्लंडमध्ये रुजविला. एका संघात चौघी. प्रत्येकीने एका डावात दोन दगड सोडावयाचे, म्हणजे दोन्ही संघांचे मिळून सोळा. सोळावा दगड थांबला की ज्या संघाचा दगड मध्यबिंदूला सर्वांत जवळ असेल त्यालाच गुण मिळतात, आणि प्रतिपक्षाच्या सर्वांत जवळच्या दगडाच्या आत त्याचे जितके दगड असतील तितके मिळतात. असे दहा डाव व्हावयाचे.

आता यातली गंमत पाहा. बर्फ गुळगुळीत नसतो. त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून दाणे उठविलेले असतात, आणि दगड आपल्या तळाच्या एका अरुंद कड्यावरच त्या दाण्यांवरून सरकतो. सोडताना त्याला मंद गिरकी द्यावी लागते, आणि ज्या अंगाला गिरकी, त्याच अंगाला दगड वळतो. पालथे घातलेले फुलपात्र गुळगुळीत टेबलावर गिरकी देऊन ढकलले तर ते उलट बाजूला वळते. दगड मात्र असा का वळतो, यावर माझ्या शास्त्रातली मंडळी अजून एकमताने उत्तर देत नाहीत. दगड सुटल्यावर त्याच्यापुढे दोघीजणी झाडू घेऊन बर्फ घासत धावतात. त्या घासण्याने दगड लांब जातो आणि कमी वळतो, पण त्याला मागे आणता येत नाही. स्किप म्हणजे कर्णधार. ती पलीकडच्या घरात उभी राहून कोणता फटका मारायचा ते ठरविते, झाडूने खूण दाखविते, सहखेळाडूंवर ओरडते, आणि बहुधा शेवटचे दोन दगड स्वतः सोडते.

मुन्सफ : म्हणजे संघाच्या पहिल्या सहा दगडांचा हुकूम तिचा आणि शेवटच्या दोहोंचा अंमलही तिचाच. जबाबदारी यापेक्षा स्पष्ट कुठे असणार? दोष तिच्या खात्यावर टाकणारा मी काही पहिला नव्हे. खेळानेच तो टाकला आहे.

वहिनी : थांबा. दोष मोजण्याआधी एक गोष्ट मोजा. ज्या संघाजवळ त्या डावाचा शेवटचा दगड असतो, त्याला 'हॅमर' आहे असे म्हणतात, आणि हॅमर म्हणजे या खेळातली सर्वांत मौल्यवान मालमत्ता. पण नियम असा आहे की ज्याने डावात गुण मिळविला त्याने पुढच्या डावाचा हॅमर प्रतिपक्षाला द्यावयाचा; कोणीच गुण मिळविला नाही, तर तो ज्याच्याजवळ होता त्याच्याजवळच राहतो. लाभ झाला की सत्ता सुटते. आता २००२ चा अंतिम सामना घ्या. युटातील ऑग्डेन येथे, २१ फेब्रुवारीला. मिर्याम तेव्हा स्किप नव्हती. स्किप लुत्सिया एब्नोटर, आणि मिर्याम तिच्या पाठोपाठची. नऊ डावांनंतर तीन-तीन, आणि दहाव्याचा शेवटचा दगड ब्रिटनच्या रोना मार्टिनच्या हातात. तिने तो साधला, सामना संपला. २३ फेब्रुवारी २००६ ला, तुरिनच्या खेळांत, पिनेरोलो गावी काय घडले? या वेळी स्किप मिर्याम. दहाव्या डावात दोन गुण घेऊन तिच्या संघाने सहा-सहा अशी बरोबरी साधली, आणि त्या दोन गुणांची किंमत म्हणून अकराव्या, जादा डावाचा हॅमर स्वीडनकडे गेला. त्या डावात तिचे दोन दगड गुण देण्याच्या जागी बसले होते. स्वीडनच्या आनेत्त नॉरबेर्गने अखेरच्या एकाच दगडाने ते दोन्ही उडविले. दोन्ही अंतिम सामन्यांत शेवटचा दगड दुसऱ्याच्या हाती होता, भावोजी. मिर्यामने केले काय आणि चुकली काय, हे त्या क्षणी अप्रस्तुत होते. आपले काम करून ती पलीकडच्या टोकाला पाहत उभी होती.

मुन्सफांनी यावर काही वेळ उत्तर दिले नाही. मला वाटले की वहिनींनी बाजी जिंकली. पण इतक्या वर्षांच्या अनुभवाचा मनुष्य पुराव्यातील पोकळी शोधल्यावाचून स्वस्थ बसत नसतो, हे मी विसरलो होतो.

मुन्सफ : तुमची कैफियत मोठी चातुर्याची आहे, वहिनी, पण तीत एक गोष्ट गृहीत धरली आहे. शेवटचा दगड दुसऱ्याच्या हातात कसा गेला? आकाशातून पडून तर गेला नाही. तुम्हीच सांगितले की गुण न घेता डाव कोरा सोडला तर हॅमर आपल्याकडेच राहतो. मग ज्याला विचारपूर्वक खेळावयाचे आहे तो पहिल्या डावापासूनच हिशेब मांडतो की कोणत्या डावात एकच गुण घेणे तोट्याचे, कोणता डाव कोरा सोडणे फायद्याचे, आणि दहावा डाव सुरू होईल तेव्हा तो ठेवा आपल्याच कनवटीला कसा राहील. पिनेरोलोत दहाव्या डावात दोन गुण घेणे प्राप्तच होते, कबूल. नाहीतर सामना तेथेच संपला असता. पण दहाव्या डावात दोन गुणांनी मागे असण्याची पाळी नऊ डावांच्या कारभारातून आली, आणि त्या कारभाराची मुखत्यारी कोणाकडे होती? शेवटचा दगड सोडणारी जिंकली ते त्या एका दगडावर नव्हे, तो दगड आपल्याकडे राहील अशी तजवीज आधी केल्यामुळे जिंकली.

वहिनी : हे मात्र तुम्ही बरोबर बोललात.

मुन्सफ : आणि २००२ चे आणखी एक सांगतो. त्या साली साखळीत स्विस संघ नऊपैकी सात सामने जिंकून वर आला होता. ब्रिटनचा संघ पाचच जिंकून, बरोबरी फोडणारे दोन जादा सामने खेळून, कसाबसा आत शिरला होता. अशा संघाकडून हरणे म्हणजे नुसते एका दगडाचे दुर्दैव म्हणता येत नाही. आणि २०१० साली व्हँकूवरचे १२-६? तेथे तर एका दगडाची सबबही चालणार नाही.

वहिनी : व्हँकूवरला मी सबब सांगतच नाही. आदल्या दिवशी उपांत्य फेरीत कॅनडाकडून ६-५ ने त्या हरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी चीनच्या वांग बिंग्यूचा संघ सर्वार्थाने सरस ठरला. हरणे हेही या खेळात शिकावे लागते. आणि ते शिकविण्याची पद्धत तुम्हांला आवडेल, भावोजी, म्हणून सांगते. या खेळात पंच असतात, परंतु पट्टीवर उभे राहून प्रत्येक दगडावर लक्ष ठेवणारा कोणी नसतो. झाडूचा धक्का आपल्या चालत्या दगडाला लागला, तर ज्याचा लागला त्यानेच तो जाहीर करावयाचा असतो. प्रतिपक्षाने पाहिले नसले तरी. कोणता दगड मध्याला जवळ, हे दोन्ही संघांच्या उप-स्किप आपापसांत ठरवितात, आणि एकमत झालेच नाही तर मग मोजपट्टी मागवितात. सामना हातातून गेला असे वाटले की शेवटपर्यंत न रेटता हात पुढे करून हार मान्य करणे यात कमीपणा नाही. किंबहुना जिंकणे अशक्य झाल्यावरही सामना लांबविणे हे असभ्य समजतात. आणि रिवाज असा की सामन्यानंतर जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पेय पाजावे.

येथे मुन्सफांचा चेहरा जो उजळला तो मी सहसा विसरणार नाही. पक्षकाराने आपला गुन्हा आपणहून सांगावा, आणि प्रतिवादीने दावा पुढे चालविण्यात अर्थ नाही हे पाहून कबुली द्यावी, असे न्यायालय आपल्याला आयुष्यात लाभले नाही, असे ते काहीशा हेव्याने म्हणाले. पण लगेच सावरून घेत त्यांनी अशी पुस्ती जोडली की श्रीमंत देशांतल्या, हॉटेलांच्या आवारात वाढलेल्या खेळाला अशी सभ्यता परवडते, आणि पोटासाठी खेळणाऱ्यांकडून तिची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. वहिनींनी हे सर्वस्वी मान्य केले नाही. स्कॉटलंडमध्ये हा खेळ गोठलेल्या तळ्यांवर शेतकरी आणि जमीनदार एकत्र खेळत असत, एवढेच त्या म्हणाल्या, आणि वाद पुन्हा आपल्या मार्गाला लागला.

वहिनी : मी आता तुमच्यापुढे दुसरा पुरावा ठेवते. स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा १९७९ साली स्कॉटलंडमधील पर्थ येथे झाली, आणि ती स्वित्झर्लंडने जिंकली. १९८३ साली त्यांनी ती पुन्हा जिंकली. त्यानंतर एकोणतीस वर्षे काही नाही. कॅनडा आणि स्वीडन जिंकत राहिले, नॉर्वे, जर्मनी, चीनही जिंकले. २०१२ च्या मार्चमध्ये लेथब्रिजला मिर्यामने, दावोसच्या क्लबचा संघ घेऊन, स्वीडनला ७-६ ने हरविले आणि ती खंडित परंपरा पुन्हा सांधली. त्यानंतर पाहा : २०१४, २०१५, २०१६, २०१९, २०२१, २०२२, २०२३. सात वेळा स्वित्झर्लंड. २०१४ आणि २०१६ ची कर्णधार बिनिया फेल्चर. हीच २००६ साली पिनेरोलोत मिर्यामच्या संघात होती. २०१५ ची कर्णधार अलिना पेट्झ. हीच २०१४ साली सोचीला मिर्यामच्या संघातली पाचवी, राखीव खेळाडू होती, आणि पुढे सिल्वाना तिरिन्त्सोनीच्या संघात शेवटचे दगड सोडणारीही तीच. हे सर्व एकट्या मिर्यामच्या नावावर मांडावे असे मी म्हणत नाही. पण एखादे दार कोणीतरी उघडलेले असते.

मला स्वतःला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे, वहिनींच्या संपूर्ण युक्तिवादातील हाच भाग सर्वांत दुबळा वाटला, आणि मुन्सफांनी त्यावर जो प्रहार केला तो अपेक्षितच होता.

मुन्सफ : वारसांची कमाई पूर्वजाच्या खाती जमा करण्याची वहिवाट कोणत्या कायद्यात आहे, वहिनी? फेल्चरबाई काही शिष्या नव्हत्या, बरोबरीच्या खेळाडू होत्या. त्या स्वतःच्या बळावर जिंकल्या. राखीव म्हणून बाकावर बसलेल्या मुलीने पुढच्याच वर्षी जग जिंकले, यात बाकाचे श्रेय किती? आणि लेथब्रिजचे तुम्ही काढलेत ते बरे केलेत. कारण तेथेच तुमचा पक्ष अडचणीत येतो. तो सामना किती गुणांनी जिंकला म्हणालात?

वहिनी : एका.

मुन्सफ : म्हणजे ७-६. पिनेरोलोतही ७-६. एकाच फरकाने एकदा हार, एकदा जीत; दोन्ही वेळा समोर स्वीडन. एका गुणाची हार ही तुमच्या मते हार नव्हे, शेवटचा दगड कोणाच्या हातात पडला एवढाच तो प्रश्न. मग एका गुणाची जीत ही तरी जीत कशी? जे माप हारीला लावता ते जीतीला लावा, आणि लेथब्रिजचे विजेतेपद दैवाच्या खात्यावर काढून टाका. किंवा लेथब्रिजचे श्रेय ओटबाईंना द्या, आणि मग पिनेरोलोचे अपश्रेयही त्यांच्याच पदरी घाला. दोन्ही मापे ठेवता येणार नाहीत.

या प्रश्नाने वहिनी क्षणभर अवाक् झाल्या असाव्यात असे मला वाटले. पण त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर ठेवला आणि जे उत्तर दिले त्यात बचाव नव्हता.

वहिनी : मला एकच माप मान्य आहे, आणि त्याची किंमत मी देते. लेथब्रिजच्या मिर्यामला मी पिनेरोलोच्या मिर्यामपेक्षा तसूभरही मोठी मानत नाही. सुवर्ण आणि रौप्य यांतला भेद तुम्ही दप्तरात ठेवा. मी जो खेळ पाहिला तो दोन्ही ठिकाणी सारखाच होता. त्या खेळाडूची योग्यता पाहावयाची तर अशी पाहावी की, जेथे एका दगडाने निकाल फिरतो अशा प्रसंगापर्यंत ती स्वतःला आणि तीन सहखेळाडूंना किती वेळा नेऊ शकली. तिथे पोहोचल्यावर दगड कोणाच्या बाजूने थांबला, हे लोकांच्या लक्षात राहणारच. पण त्यावरून माणसाची उंची मोजावी असे मला वाटत नाही.

मुन्सफ : मग स्विस लोकांनी २०१२ साली आनंदोत्सव केला तो व्यर्थच म्हणावयाचा!

वहिनी : आनंद व्यर्थ नसतो. पण २००६ सालचे दुःख मात्र थोडे जास्तच झाले होते.

मुन्सफ : बरे, एक शेवटचे विचारतो, आणि याचे उत्तर तुमच्या मापाने द्या. आनेत्त नॉरबेर्ग यांनी पिनेरोलोत जादा डावात एका गुणाने सुवर्ण जिंकले. चार वर्षांनी व्हँकूवरला त्यांनी कॅनडाविरुद्ध पुन्हा जादा डावात, पुन्हा ७-६ नेच, पुन्हा सुवर्ण जिंकले. एकदा एका गुणाने जिंकणे दैव असेल, पण दोनदा? दोन्ही वेळा जादा डाव आला आणि दोन्ही वेळा त्यांनीच तो नेला. तो प्रसंग आला म्हणजे काय करावे हे त्यांना कळत होते, आणि ओटबाईंना तितके कळत नव्हते, असे म्हटले तर त्यात काय चुकले?

वहिनी : काहीही चुकले नाही. नॉरबेर्ग मिर्यामपेक्षा श्रेष्ठ होती, आणि हे तुम्ही सुरुवातीलाच विचारले असतेत तर तेव्हाच मान्य केले असते. तुमचा आरोप तो नव्हता, भावोजी. मिर्याम हरणारी होती, असा तुमचा आरोप होता. त्या वेळच्या जगात तिच्यापेक्षा श्रेष्ठ अशी एक स्त्री होती, इतकेच तुम्ही आता सिद्ध केले आहे; आणि तेही, दहाव्या डावात तिने बरोबरी केल्यानंतर.